पातीच्या नूडल्स

नेसरी,
ता. १४ जून १९९८

चि. दीप्तीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

इकडील सर्व ठीक. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. माझा रक्तदाब परवापर्यंत बरा होता. परवा स्टँडवर आकाराम भेटला. तोच, माझ्या वर्गात चौथीला मुक्काम करून राहिलेला. आता भाजीचा टेम्पो घेऊन कोल्हापूरला जातो. त्याने चारचौघांत मला हाक मारली आणि म्हणाला, गुरुजी, दीप्तीताईच्या गाडीवर चायनीज खाल्लं की, लई झ्याक. मी म्हटले, कोण दीप्ती. त्याने तुझे नाव, माहेर, सासर सगळे न चुकता सांगितले. शाळेत असताना त्याला एवढे काही पाठ झाले नव्हते.

राजारामपुरीत रस्त्याच्या कडेला पदर खोचून जाळापुढे उभी असतेस म्हणे. बी.कॉम., प्रथम वर्ग. माझे वडील गावची मेलेली जनावरे ओढायचे. मी ते सोडून खडू धरला आणि तुझ्या हातात पेन दिले. ते खाली ठेवून तू उलथने उचललेस. तेही कशासाठी, तर नूडल्ससाठी. त्या कशा असतात म्हणून आकारामला विचारले, तर म्हणाला, गांडुळासारख्या, पण गोऱ्या.

चीनने बासष्ट साली काय केले ते मी वर्गात शिकवले आहे. त्यांचे जेवण माझी मुलगी राजारामपुरीत विकेल, हे अभ्यासक्रमात नव्हते. त्यावर कांद्याची पात घालतात असेही कळले. पात बेसन पेरून भाकरीबरोबर खायची असते. ती सॉसमध्ये बुडवायची बुद्धी कुणाला झाली त्याचे नाव कळव.

जावईबापूंची शिरोलीची फाउंड्री बंद पडली असेल तर तसे स्पष्ट लिही. पोटासाठी केले असशील तर मी एक शब्द बोलणार नाही. हौसेने केले असशील तर पुष्कळ बोलेन.

आईचा आशीर्वाद आहे. माझा विचाराधीन आहे.

तुझा,
आण्णा


कोल्हापूर,
ता. २२ जून १९९८

आदरणीय आण्णा,
सविनय जयभीम.

तुमचे पत्र तुमच्या जावयाने, प्रसेनजीतने, मोठ्याने वाचले आणि ‘विचाराधीन’पाशी त्याला ठसका लागला. फाउंड्री सुरू आहे. हौसेनेच केले आहे. आता पुष्कळ बोला.

तुम्हाला एक सांगितले नव्हते. ज्या हॉटेलात मी हिशेब लिहायचे, तिथे मला मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसवायचे. काउंटरवर मालकाच्या नात्यातली पोरगी, तिला साधी टक्केवारी काढता यायची नाही. एकदा मी काउंटरवर बसू का विचारले, तर मालक म्हणाले, तुम्ही आतच बऱ्या, गिऱ्हाईक जुन्या वळणाचं हाय. तुम्ही पेन दिलेत हे खरे, पण ते कुठे बसून चालवायचे हे दुसराच ठरवत होता. मग मी भटारखान्यात जाऊन उभी राहायला लागले. तिथला आचारी कालिंपाँगचा होता. त्याला आडनावांतले काही कळत नव्हते. त्याने सगळे हाताला धरून शिकवले. आता मी रस्त्यावर असते, पण उजेडात असते.

आणि चायनीज म्हणाल तर कोल्हापुरात ते आहेच कुठे. गल्लोगल्ली गाड्या झाल्यात आणि सगळ्यांचा सॉस एकच, लाल रंग घातलेली कॉर्नफ्लोअरची खळ. त्या खळीने कॅलेंडरे चिकटवावीत. पातीऐवजी कोबी कोंबतात. गिऱ्हाईक त्यांच्याहून शहाणे. एक जण नूडल्सबरोबर तांबडा रस्सा मागतो. दुसरा बायकोला सांगतो की चायनात हेच खातात, जसा काही कालच उतरलाय.

माझ्याकडे पात मापात नाही, मुबलक असते. पांढरा भाग लसणाबरोबर आधी तेलात, त्याने सॉसला गोडी येते. हिरवा भाग कढई उतरवताना. पण खरी गोष्ट पातीच्या तेलाची. बोटभर तुकडे मंद जाळावर तळत राहायचे, कडा तांबूस होईपर्यंत. मग ते तुकडे काढून त्याच तेलात सोया सॉस आणि चिमूटभर साखर, एक उकळी, आणि त्यात उकडलेल्या नूडल्स घोळवायच्या. वर ती तळलेली पात. बस्स. एकदा खाऊन मग शिव्या द्या, म्हणजे त्यांना वजन येईल.

आईला नमस्कार. तुमचा राग पोचला. लोभही सवडीने पाठवावा.

आपली,
दीप्ती


नेसरी,
ता. ५ जुलै १९९८

चि. दीप्तीस,
सप्रेम जयभीम.

त्या हॉटेल मालकाबद्दल तू आधी का बोलली नाहीस? मी कोल्हापूरला येऊन त्याला टक्केवारी शिकवली असती.

बाकी तुझ्या आईने तुझे पत्र समोर ठेवून घरातल्या शेवयांवर प्रयोग केला. शेवयांचा लगदा झाला. मांजराने वास घेतला आणि तोंड फिरवून गेले. मी मांजराच्या मताचा आहे. पातीचे तेल मात्र चांगले झाले होते असे तुझी आई लिहायला सांगते. मी चव घेतलेली नाही, घेणारही नाही. पात मला आवडत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

गाडी लावायचीच असेल तर नीट लाव. गटाराजवळ नको. पण मी तिथे येईन ही आशा ठेवू नये. बाकी लोभ आहे तेवढा आहे.

आण्णा


कोल्हापूर,
ता. ३ नोव्हेंबर १९९८

आदरणीय आण्णा,
सविनय जयभीम.

कांदा एवढा महागलाय की बाकीच्या गाड्यांवर आता कोबीसुद्धा रुबाबात असतो. मी पात कमी केलेली नाही.

लिहिण्याचे खास कारण वेगळे. इथे शिकणारा राजवीर नावाचा मुलगा नेहमी खायला येतो. परवा आजोबांना घेऊन आला. पांढरा फेटा, हातात काठी, चेहऱ्यावर अशी किळस की जणू त्यांना कुणी गुरांच्या दवाखान्यात आणलेय. पहिला घास त्यांनी उपकार म्हणून घेतला. मग काठी गाडीला टेकवून ठेवली. दुसरी प्लेट मागितली. ती खाता खाता विचारले, पावणं कुठलं म्हणायचं? मी म्हटले, नेसरीच्या दादासो गुरुजींची मुलगी. हात थांबला त्यांचा. प्लेटकडे बघितले, रस्त्यावर इकडेतिकडे बघितले, ओळखीचे कुणी नव्हते. मग प्लेट पुसून खाल्ली.

ते आपल्या वरच्या वाडीचे हंबीरराव. जाताना म्हणाले, डिसेंबरात राजवीरचं लगीन हाय, पोरं चायनीज पायजे म्हणून बसल्यात, तूच ये. मी हो म्हटले आहे. पंचवीस माणसे बघत असताना खाल्लेला घास आणि अनोळखी रस्त्यावर खाल्लेला घास यात फरक असतो, हे मलाही कळते. तो फरक त्यांच्याच मांडवात बघायचा आहे.

तुम्ही लग्नाला याल का?

आपली,
दीप्ती


नेसरी,
ता. ९ नोव्हेंबर १९९८

दीप्ती,

तू जाऊ नकोस.

हंबीररावांच्या मळ्यात तुझी आज्जी दिवसभर कांदा काढायची. संध्याकाळी उरलेली पात तिच्या पदरात वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. ती पात घरी आली की आम्ही भावंडे तिच्यावर तुटून पडायचो. मी शाळेत जाऊ लागलो, त्यानंतर एकदा ते टाकणे मी बघितले. त्या दिवसापासून पात माझ्या घशाखाली उतरलेली नाही. तू लहानपणी कारण विचारायचीस आणि मी पित्ताचे निमित्त सांगायचो.

आता हे थोर गृहस्थ राजारामपुरीत दोन प्लेटी खातात. मोठेच समाजसुधारक. गावात सभा असली की समतेवर बोलायलाही यांनाच उभे करतात. हार घातला की यांचे विचार उदार होतात आणि हार काढला की उतरतात. तुझी चूल ते गोठ्यामागे मांडतील आणि वाढायला दुसरे हात लावतील. लिहून ठेव.

तू गेलीस तर त्या दिवशी मी गावात थांबणार नाही. तुझ्या आईला घेऊन गडहिंग्लजला जाईन. मला ते बघायचे नाही.

आण्णा


कोल्हापूर,
ता. १५ डिसेंबर १९९८

आदरणीय आण्णा,
जयभीम.

तुम्ही म्हणालात तसेच झाले. जागासुद्धा तीच निघाली.

मी आणि प्रसेनजीत टेम्पो घेऊन पोचलो, तर शेगडी ठेवायची जागा गोठ्यामागे, शेणाच्या खड्ड्याला लागून. राजवीरची आई आली आणि हळू आवाजात म्हणाली, तू नुसतं करून दे बाई, वाढणारी पोरं आमची हायत, कुणी केलं ते पावण्यांना कशाला कळाय पायजे. मी सरळ मांडवात गेले. हंबीरराव पै-पाहुण्यांत बसले होते. मी म्हटले, शेगडी मांडवाच्या तोंडाशी लागेल आणि मी माझ्या हाताने वाढीन, नाहीतर मी निघते. ते म्हणाले, पोरी, जरा समजून घे, चार गावचं पावणं हाय, तुझ्या पैशाला काय कमी करतोय का. मी विचारले, राजारामपुरीत दोन प्लेटी खाल्ल्या तेव्हा मी कुठे उभी होते? त्यांनी काठीकडे बघितले. शेवटी म्हणाले, बघू. एवढ्या मोठ्या मिशांतून एवढाच शब्द बाहेर पडला.

आम्ही सगळे सामान परत टेम्पोत चढवले. मला तुमच्याकडे यायचे होते. आलेही, दाराला कुलूप होते. तुम्ही शब्दाचे पक्के, हे मी विसरले होते. पायरीवर बसून मी रडले, हे प्रसेनजीतने लिहू नको म्हटलेय. मग त्यानेच टेम्पो स्टँडवर नेला आणि शेगडी पेटवली. एवढी पात चिरून ठेवलेली, ती काय फेकायची होती?

पहिल्यांदा आकाराम आला. मग शाळेची मुले आली. आणि अक्षता पडल्यावर वाडीकडून मोटारसायकली सुरू झाल्या. पहिल्या गाडीवर राजवीर. मुंडावळ्या कानामागे सारून उभ्या उभ्या नूडल्स खाल्ल्या आणि म्हणाला, ताई, घरात भांडून आलोय, अजून एक द्या. त्याच्यामागे सगळी वऱ्हाडी पोरे, पोरी, नवरीचा भाऊ. तिकडे मांडवात पंगत अर्धी रिकामी राहिली असे नंतर कळले.

तेवढ्यात गडहिंग्लजची गाडी लागली. तुम्ही आणि आई उतरलात. आईने बघितले, पिशवी खाली ठेवून पदर खोचला आणि पात चिरायला बसली. तुम्हीही बघितलेत. तुमची माझी नजर मिळाली, आण्णा. मग तुम्ही घराकडे चालू लागलात. मी सगळ्यांदेखत मांडवातून निघून आले ते चालले, पण तुमची ती पाठ मला अजून दिसते. टेम्पो परत द्यायचा होता म्हणून आम्ही निघालो. तसे बघितले तर वेळ होता. मी मुद्दाम घरी आले नाही.

लोभाचे तुम्ही ठरवा.

दीप्ती


नेसरी,
ता. २० डिसेंबर १९९८

चि. दीप्तीस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

पाठीचा अर्थ लावायला मी तुला शिकवले नाही, म्हणून तू चुकीचा लावलास.

गाडीतून उतरलो तेव्हा हंबीररावांचा पुतण्या, मोठा मिशाळ गडी, हातातली प्लेट पुढे करून तुला म्हणत होता, ताई, जरा अजून घाला की. आणि तू त्याला म्हणालीस, रांगेत या. ते ऐकले आणि मला पुढचे काही दिसेना. त्या लोकांच्यात उभे राहून मला डोळे पुसायचे नव्हते. म्हणून चालत सुटलो. घरी येऊन कुलूप उघडायलाही पुष्कळ वेळ लागला. तुझी आई आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. तिने पदराखालून झाकलेली प्लेट काढून पुढ्यात ठेवली. मी खाल्ली. मीठ जास्त होते. पात जास्त नव्हती.

आता पुढचे. परवा हंबीरराव स्वतः घरी आले. आमच्या गल्लीत त्यांनी आजवर पाऊल ठेवलेले नाही, त्यामुळे दोनदा चुकून दुसऱ्याच्या दारात गेले आणि सगळ्या गल्लीला कळले. तुझ्या आईने चहा दिला, तो घेतला. बराच वेळ उसाच्या दराबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, माझ्या शाळेचे कौतुक केले. मी काहीच मदत केली नाही. शेवटी म्हणाले, गुरुजी, त्या दिवशी माझं चुकलंच, नातू माझ्याशी बोलंना झालाय, तुम्ही पोरीला समजावून सांगा.

मी म्हटले, माझ्याकडे कशाला आलात? मला तुम्ही गोठ्यामागे उभे केले नव्हते. तिची गाडी राजारामपुरीत असते, संध्याकाळी लागते. जे बोलायचे ते तिच्यासमोर, गिऱ्हाईक उभे असताना बोला. मांडवात जेवढे लोक होते तेवढे तिथेही असतात.

ते उठले. दारापर्यंत गेले आणि मागे वळून म्हणाले, पुढच्या रविवारी जातो, पण एकट्याला धीर व्हायचा न्हाय, तुम्ही चला की माझ्यासंगं. मी विचार केला आणि हो म्हटले. आम्ही दोघे सकाळच्या गाडीने निघतोय. तुझी आईही आहे. तिला फुकट देऊ नकोस, ती मागणारही नाही.

मात्र एक गोष्ट मी त्यांना दारातच स्पष्ट सांगितली आहे. तुझ्या रांगेत ते माझ्या मागे उभे राहतील.

कळावे, विचाराधीन काही उरलेले नाही.

तुझा,
आण्णा