सँडविचच्या दुकानातला माठ

वर्धा, १७ ऑगस्ट १९८२

आई-बाबांना सप्रेम जयभीम.

नोकरीत रुळले. बाबा, आईला सांगा, मी उपाशी राहत नाही. ऑफिसजवळ एका कुटुंबाचे छोटे सँडविचचे दुकान आहे. सून चटणी वाटते, मुलगा ब्रेड कापतो आणि म्हातारी रुख्माबाई काकडी-बटाटा भरून देते. स्वस्त, आणि इतके स्वच्छ की आईसुद्धा नावे ठेवणार नाही. तिचा खोकला कसा आहे?

तिथे पाण्याचा माठ त्यांच्या स्वयंपाकघरात असतो. गिऱ्हाइकाने आत जाऊन स्वतः घ्यायचे. पहिल्या दिवशी मी उंबऱ्याशीच थांबले. बाबा, हॉटेलाबाहेर तुमच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ते आठवले. म्हणून आधीच सांगितले, "आजी, आम्ही बौद्ध आहोत."

"बरं मंग?" रुख्माबाई म्हणाली. "पाणी तुलेच घ्या लागन. माह्ये गुडघे दुखून राह्यले."

सून आतून हसली. "झाकण ठेवजो वो ताई, नाईतर बुढी तुले बी बोलन."

झाकण नीट ठेवले. पण त्याआधी दोन पेले प्यायले. तहान एकाचीच होती. दुसरा तुमच्या वाटचा.

तुमची,
विशाखा