स्वरदाचे विरोधक

पंचवटी, नाशिक

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या विश्वेशचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि त्र्यंबकचं पाणी ही तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. (फोन केला असता, पण स्वरदाने समुद्र ओलांडला त्या दिवसापासून तुम्ही माझाही फोन उचलत नाही. मी तर गोदावरीसुद्धा पुलावरूनच ओलांडतो.)

तर आनंदाची बातमी अशी, की माझी लेक, तुमची पुतणी, डॉक्टर झाली. सुई टोचणारी नव्हे, राज्यघटनेची. फिनलंड देशाची घटना आणि मानवी हक्क हा तिचा विषय. आपण कायदा करून मोकळे होतो आणि मग वर्षानुवर्षं कोर्टात भांडत बसतो. तिथे विधेयक आलं की संसदेची एक समिती आधीच तपासते, हे घटनेत बसतं का, यात कुणाचा हक्क मारला जातो का. म्हणजे लग्नाआधी पत्रिका बघतात तसंच! दादा, तुम्ही जन्मभर जे केलंत त्यावर पोरीने जाडजूड प्रबंध लिहिला, आणि तुम्ही म्हणाला होतात, पुरोहिताच्या मुलीला कायदा कशाला.

तिथली परीक्षा जाहीर असते. विद्यापीठ त्यासाठी एक विरोधक नेमतं (नेमतं! आपल्याकडे ते आपसूक उगवतात), आणि तो काळा कोट घालून भर सभेत प्रबंधाची चिरफाड करतो. हे सगळं आम्हाला घरच्या टीव्हीवर दिसणार होतं, आणि इथून माइकवर बोलताही येणार होतं. नेमके त्याच दिवशी येवल्याचे यजमान सावळीराम, पैठणी विणणारे, वडिलांच्या श्राद्धाला सहकुटुंब आले. विधी उरकून जेवायला बसले ते टीव्हीसमोरच. कोटवाल्याने विचारलं, समितीत बसतात तेही पुढारीच, मग पत्रिका बघणारा नवरदेवाचाच बाप निघाला तर? (त्याचे शब्द निराळे होते, इंग्रजी होते, अर्थ मी लावला.) सावळीराम घास हातात धरून म्हणाले, “गुरुजी, हा बाबा लय तापट हाय. पोरीला सोडत नाय.”  पण पोरीचा आवाज चढला नाही की पडला नाही. समिती उघडपणे जाणकारांना विचारते, आणि तरी चूक राहिलीच तर पुढे कोर्ट आहे, असं तिने एकेक मुद्दा घेऊन शांतपणे सांगितलं. मी अभिमानाच्या भरात सावळीरामांना खीर वाढतच राहिलो. ते नको नको म्हणत होते हे मला ऐकूच आलं नाही.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, सभेत आणखी कुणाला काही म्हणायचं आहे का. आता वेदपाठाची परीक्षा संपली की वडीलधाऱ्यांनी आशीर्वाद म्हणायचा, ही आपली रीत. मी माइक सुरू केला आणि आशीर्वादाचे मंत्र खणखणीत स्वरात म्हटले. हेलसिंकीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. मागाहून कळलं, त्या वेळी ज्याला आक्षेप असेल त्यानेच तोंड उघडायचं असतं, आणि उमेदवाराला त्याला उत्तर द्यावं लागतं! म्हणजे परदेशात, भर सभेत, मी माझ्याच मुलीचा विरोधक ठरलो. स्वरदाने हात जोडले. मग म्हणाली, “हा आक्षेप माझ्या वडिलांचा आहे. मला तो पूर्ण मान्य आहे.” कोटवालासुद्धा हसला. सावळीरामांनी विचारलं, “पोरगी निवडून आली का?” मी म्हटलं, आली. दादा, मी रडलो. सौ. म्हणते, ते हुंदकेही सगळे हेलसिंकीला ऐकू गेले, कारण माइक बंद करायचा राहिला होता.

बाकी क्षेम. मागणं काहीच नाही.

आपला आज्ञाधारक,
विश्वेश

ता. क. तिथली आणखी एक रीत सांगायची राहिली. पास झालेल्याने मेजवानी द्यायची ती विरोधकाच्या मानार्थ. पहिला मान त्याचा. स्वरदाने कोटवाल्याला पोटभर जेवू घातलं. पण म्हणते, बाबा, माझा खरा विरोधक अजून त्र्यंबकला उपाशीच आहे.

आणखी ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही. ज्या मुलीने ते तुमच्या हातात दिलं, ती स्वतः रांधलेल्या पुरणपोळ्यांचा डबा घेऊन ओट्यावर उभी आहे. समुद्राबद्दल तिला जे बोलायचं ते बोला. पण आत घेऊन बोला.