खेकडावृत्ती

७ जुलै
नाशिकला आले, नोकरी लागली! कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत सहायक, सध्या तात्पुरती. निफाडला आईने पेढेसुद्धा वाटले. विभागप्रमुख खंडेराव सरांनी रक्ताच्या बाटल्या दाखवल्या. माणसाचं लाल, कारण हिमोग्लोबिनमध्ये लोह. गांडुळाचंही लाल, पण रंग पेशींत नाही, द्रवातच विरघळलेला. खेकड्याचं मात्र जवळजवळ बिनरंगी. हवा लागली की निळं होतं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं. दुसरी सहायक मालेगावची रिदा. आमच्यातली एकच कायम होणार आहे. मुलगी गोड आहे, तेच आवडलं नाही.

१६ जुलै
रिदा खेकडा मागून इतका अलगद उचलते की तो नांगी उगारतही नाही. सर म्हणाले, हिचा हात हलका आहे. माझ्या हाताबद्दल काही नाही. नुसता तिळपापड झाला माझा. वर तिने डब्यातला खिमा मला वाढला आणि मेला तो चविष्ट निघाला.

२२ जुलै
कायम पदासाठी तिचं नाव पाठवायचं ठरलं. सगळे जेवायला गेले तेव्हा मी तिचे पंधरा दिवसांचे नमुने बेसिनमध्ये ओतले. बाटल्या धुणाऱ्या नवसाबाई म्हणाल्या, हे कुनाचं तरी खेकड्यावानी पाय वढनं हाय. सर म्हणाले, शुद्ध खेकडावृत्ती. नाव कोणी घेतलं नाही. रिदा रडली. मला बरं वाटलं.

२४ जुलै
काचेने बोट कापलं. पाण्यासारखं काहीतरी आलं. कापसाने टिपलं. मिनिटभरात कापूस निळा झाला.

२५ जुलै
तपासलं. तांबं आहे. एक जिना चढले की धाप लागते — रंग उडालेल्या ओठांना सारखी लिपस्टिक लावतेय.

२८ जुलै
रिदाने माझं निळं रक्त पाहिलं. ओरडली नाही. नमुने मीच ओतले हेही तिला ठाऊक होतं. तरी सरांकडे जाऊन तिने स्वतःचं नाव मागे घेतलं, माझं पुढे केलं. मी कायम झाले! जिंकले. पण तिचे गाल — इतके लाल कशाला हवेत कोणाला —

३० जुलै
मीच मागितलं. आमचा रक्तगट एकच. तिने बाही वर केली, म्हणाली, घे. एक पिशवी ठरली होती. ती बस म्हणाली. मी दुसरी लावली — तिसरी — आता ती काहीच म्हणत नाही. पांढरी पडलीय. तरी माझ्यापेक्षा सुंदर —
तिचं सगळं लाल आता माझ्यात आहे. सगळं. माझ्या दंडातली सुई काढली. थेंब आला — लाल, लालच होता — हवा लागली तशी कडेने नि—