एक्सएसएलटीची दोन पुस्तकं

सोम. ६ जाने.
पुण्याहून कंपनीचा फोन. मार्चपासून हातानं टॅग लावायचं काम बंद. आठ वर्षं मी आणि सुरेखाताई धाराशिवच्या या खोलीत हेच करतोय. पुस्तकाच्या फाईलीत इथं मथळा, इथं परिच्छेद, इथं तळटीप. आता एक्सएसएलटी नावाच्या भाषेत एकदा सूचना लिहायच्या, की अख्खं पुस्तक आपोआप दुसऱ्या रूपात. ते जमणारं एकच माणूस ठेवणार. ८ फेब्रु.ला परीक्षा.
मी शिकणार.

शुक्र. १०
एक्सएसएलटीची मागवलेली पुस्तकं आली. दोन्ही नवी. एक जाड, संदर्भाचं. एक पातळ, शिकणाऱ्यांसाठी. सगळं इंग्रजी, एका पानाला अर्धा तास. शिलाईचं दुकान बंद केल्यापासून अब्बांचे हात रिकामे. जाड पुस्तकाला कापडी कव्हर शिवून दिलं. "अंगरेजी है तो क्या हुआ, पढ."

बुध. १५
धडे क्रमानं लावायचं उदाहरण. पातळ पुस्तकात उत्तर १, २, ३... १०. माझ्या मशीनवर १, १०, २. तीनदा टाईप केलं. अक्षर न् अक्षर तेच. माझंच कायतरी चुकतंय.

शुक्र. १७
अजून १, १०, २. रडले. तोंड धुतलं, जाड पुस्तक उघडलं. पानाच्या तळाशी एक ओळ: हा आकडा आहे असं सांगितलं नाही तर मशीन अक्षरं समजून लावतं. सांगितलं. लागले!
म्हणजे पुस्तक चुकलंय. छापलेलं. आणि तीन दिवस मी स्वतःला मठ्ठ म्हणत होते. लेखकाला मेल केली, मोडक्या इंग्रजीत, पान नंबरासकट.

सोम. २०
डबा खाताना सुरेखाताई: "नसरीन, पुस्तकं आल्यात म्हणं तुझ्याकडं. एक देतीस का वाचायला? जागा एकच हाय, मला ठावं हाय. न्हाय म्हणलीस तरी राग न्हाय."
"बघते," म्हणाले. बेंबळीहून रोज एसटीनं येणारी बाई. मला काम यांनीच शिकवलं. आणि मी बघते म्हणाले.

मंगळ. २१
पातळ दिलं. चुकलेल्या पानावर पेन्सिलनं दुरुस्ती लिहून. न लिहिता देता आलं असतं. तो विचार आला होता, दहा मिनिटं टिकला. खोटं नको, म्हणून इथं लिहिते.

गुरू. ३०
लेखकाचं उत्तर! तुमचं बरोबर, पुढच्या छपाईत दुरुस्त करतो.
सुरेखाताई लई हसल्या. "पुस्तकाचीच मास्तरीण झालीस की." मग मला तीन दिवस न सुटलेली गोष्ट, दोन सूचना एकाच ठिकाणी लागू पडल्या तर कोणती चालते, त्यांनी कागदावर पाच मिनिटांत समजावली. माझ्यापेक्षा पुढं आहेत. उद्यापासून पहाटे पाचला उठायचं.

शनि. ८ फेब्रु.
परीक्षा. शेजारीशेजारी बसलो. सात प्रश्न. माझे सहा चालले. सातवा, तळटिपा धड्याच्या शेवटी गोळा करायचा, अर्धा. ताईंचा सातवा चालला, चौथा अडकला. बाहेर येऊन चहा घेतला.

मंगळ. ११
निकाल नाही. कामावर गेले तर सुरेखाताई आधीच बसलेल्या, चौथा प्रश्न उघडून.
"ताई, परीक्षा झाली की."
"झाली. पर मला आलं कुठं? बस हितं. आधी ह्ये सांग, मग तुझं सातवं दावते."
खुर्ची ओढली.