पाठ माझी, सही तुझी

नागपूर, ४ डिसेंबर २०२४

तीर्थरूप दादास,
गोपिकेचा सा. न. वि. वि.

बोलताना बरगड्यांत कळ येते, म्हणून फोन न करता तुझ्या लेकीच्या, काजलच्या हाती ही चिठ्ठी देते आहे.

स्टुलावरून पडून माझ्या चार बरगड्या मोडल्या, हे तुला ठाऊक. मला ठाऊक नव्हतं ते आज कळलं. भूल देणाऱ्या डॉक्टर मिनल पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या की दुखण्यापायी श्वास पुरता घेतला नाही तर छातीत कफ साचेल. सोनोग्राफीवर बघत पाठीत नसांजवळ सुई देऊ, म्हणजे कळ थांबेल, असंही म्हणाल्या. मी हो म्हणाले. आणि तू बाहेर कागदावर नकार लिहून संत्र्याच्या तोड्यासाठी काटोल गाठलंस! तीन दिवस मी खोकला गिळते आहे, आज ताप चढला. नर्सबाई म्हणतात, घरच्या माणसानं नाही म्हटलं ना जी. मग मी कोण, शेजारची? चाळीस वर्षं शाळेत सह्या केल्या मी! काहून नाही म्हणालास, तेवढं लिही.

रागावलेली, पण तुझीच,
गोपिका

काटोल, ५ डिसेंबर

चि. गोपिकेस अनेक आशीर्वाद.

शाळा सुटली तरी तुझी छडी काही सुटली नाही! अगं, तुझ्या भल्यासाठीच नाही म्हटलं. काजलच्या वेळी तुझ्या वहिनीच्या पाठीत भुलीची सुई दिली, तेव्हापासून सव्वीस वर्षं तिची कंबर गेली ती गेलीच. आणि सोनोग्राफी पोटातल्या लेकराची करतात, मोडक्या बरगडीची कशाला? हळद-दूध घे, सोस जरा. आपल्या घरच्या बायका सोशिक, म्हणून तर घर उभं आहे. वहिनीला उद्या काजलसोबत पाठवतो, ती समजावेल.

मोठ्या भावाचं ऐकावं. माया आहेच.
मनोहर

नागपूर, ७ डिसेंबर

ती. दादास सा. न.

पत्र पोचलं, वहिनीही पोचली. त्याआधीच मी कागद मागवून सही केली होती. नर्सबाई घुटमळल्या, पण डॉक्टर मिनल यांनी पेन माझ्या हातात दिला. पाठीवर गार जेली लावली, पडद्यावर सुई दिसत होती. मणक्याच्या आत ती गेलीच नाही. स्नायूखाली औषध सोडलं. अर्ध्या तासात छाती भरून श्वास घेतला आणि खोकले, दादा, मनसोक्त खोकले. रडूच आलं. ताप उतरतो आहे.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली की सुईनं काही नाही झालं वं बाई, बाळंतपणानंतर दोन वर्षं मी चांगली होती. कंबर गेली ते संत्र्याचे क्रेट उचलून उचलून, अन् अजून उचलूनच राहिली. दादाला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तर म्हणे, मले त्यायनं कधी विचारलंच नाही.

इतकी वर्षं तिचं दुखणं तू गावभर सांगत आलास, आणि तिलाच विचारलं नाहीस! संताप झाला माझा.

सोमवारी डॉक्टर तिची कंबर तपासतील, तोवर ती इथेच राहील. सहीसाठी तू येऊ नकोस, तिला लिहिता येतं. लोभ आहेच, वाढवायचा असेल तर आधी विचारायला शीक.

गोपिका