चिमणीतली मासेमारी

तीर्थस्वरूप इंगेब्रिक्तकाका,

ऑस्लोहून तुमच्या हाल्वारचा नमस्कार. गुडघा कसा आहे? बोट अजून स्वतःच रंगवता असं काकूनं कळवलंय. मग दुखणार नाही तर काय! सुका मासा पोचला (टपालवाला दोन दिवस गल्लीत फिरकला नाही). गॅसच्या नळाला तुम्ही घेतलेली हरकतही पोचली. ती उठली नाही तर टूरिडबाईंची नऊ वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. पण त्यासाठी हे पत्र नाही, सहज लिहितोय.

टूरिडबाई म्हणजे आमच्या कचराभट्टीच्या मुख्य इंजिनियर. मी क्रेनमधून शहराचा कचरा भट्टीत टाकतो, त्यावर घरं तापतात. चिमणीतून निघणारा कार्बन वायू पकडायचा, बोटीनं तुमच्या बेटाच्या किनाऱ्याला आणायचा आणि नळानं समुद्राच्या तळाखाली पुरायचा, हे सगळं या बाईंचं डोकं. सरकारनं पैसे दिले, थांबवले, पुन्हा दिले (तेवढ्यात तीन मंत्री बदलले); दर वेळी बाई नवा कागद घेऊन दारात उभ्या. मानलं बुवा. मी दुसऱ्याच कागदाला क्रेनमधून उडी टाकली असती.

परवा मंगळवारी चौथ्या मंत्रीणबाई आल्या. वाफल आणि तपकिरी चीज खाऊन झालं आणि त्यांनी चाचणीच्या यंत्राकडे पाहत नेमकं मलाच विचारलं, "आजचा फांग्स्ट किती?" मेला तो शब्द! जाळ्यात पकडलेल्या माशांनाही तोच, चिमणीत पकडलेल्या वायूलाही तोच. मी पडलो कोळ्याच्या घरातला. दोन्ही हात पसरून "एवढा" दाखवला, वर "एक निसटला, तो मोठा होता" असंही बोलून गेलो. म्हटलं, गेली नोकरी. पण टूरिडबाई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर सांगतोय. दहातले नऊ पकडू, एक निसटेल. त्याच्याही मागे लागू." मंत्रीणबाई हसल्या. "बेटावरची हरकत मिटवा, सही करते," म्हणाल्या.

मला या बाईंचा फार अभिमान वाटतो, काका.

तुमचा,
हाल्वार

ता. क. विषय निघालाच आहे, तर हरकत तेवढी मागे घ्या. मजकूर मीच लिहून पाठवलाय, खाली फक्त सही.

ता. क. २. पत्र बाईंना दाखवलं. वरचा ता. क. त्यांनी खोडायला लावला (शाई आहे, दिसणारच). म्हणाल्या, "नळाच्या वाटेवर कॉड मासे अंडी घालतात असं काकांनी हरकतीत लिहिलंय, ते आमच्या एकाही नकाशात नव्हतं. काकांना म्हणावं, हरकत ठेवा. नळ कुठून न्यायचा तेवढं आखून द्या." मी म्हटलं, यात वर्ष जाईल. "जाऊ दे," म्हणाल्या. नकाशा सोबत आहे. पेन्सिलीला टोक त्यांनीच काढलंय.