गोजीचे फोक

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना दवाखान्यातून घरी आणलं. उजवी बाजू गेली ती गेलीच, बोलणंही गेलं. घशातून नुसती घरघर येते. मागच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली आहे. दुपारी वर्कशॉप बंद करून मी येतो, आमच्या मास्तरीणबाई शाळेतून संध्याकाळी उगवतात. तोवर लेकच आजोबांना चमच्याने भरवते. सात वर्षांची चिमणी, पण घरात आहे की नाही हे कळू देत नाही, इतकी शहाणी. आत्यावर गेलेली नाही, एवढं नक्की.

आता कामाचं. खिडकीबाहेरची गोजी माजली आहे. वांग्याची ही काटेरी चुलत बहीण दिसेल तिथे हातपाय पसरते, आणि गेल्या वर्षी लाल फळं दिली ती जेमतेम मूठभर. बाबा डाव्या हाताने सारखे तिच्याकडे बोट करतात, मग दाराकडे. शेजारचे नर्सरीवाले म्हणाले की एकच जाड बुंधा ठेवायचा, मुळातून आलेले फुटवे साफ कापायचे, आडव्या फांद्या वीतभर ठेवायच्या. दया दाखवली तर फळ नाही. मी पडलो लोखंड कापणारा. बाबांच्या हाताखाली तू असायचीस, म्हणून विचारतो.

शिलाईतून मान वर काढून दोन ओळी लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बारक्या

१४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि एका गणवेशाची बाही उलटी शिवून बसले.

छाटणी मला चांगली येते. विसरायचं म्हटलं तरी येते. बाबा कापायचे आणि मी फोक गोळा करायची. करंगळीएवढे जाड तेवढे बादलीत भिजत घालायचे, म्हणजे मारताना मोडत नाहीत. मुठीकडचे काटे माझ्याकडूनच तासून घ्यायचे, त्यांच्या हाताला टोचू नयेत म्हणून. टोकाकडचे तसेच ठेवायचे. मग जुडी बांधून मागच्या खोलीच्या दारामागे. वर्षभर पुरायची. ते दाराकडे बोट का करतात हे तुला कळलं नाही, असं मला सांगू नकोस. तुझ्या वाटचे मी पुष्कळ खाल्ले, तरी वळ तुझ्याही पोटऱ्यांवर असायचे. माझ्या डाव्या कानात एकदा टोक गेलं. आजही गिऱ्हाईक त्या बाजूने बोललं तर मी नुसती मान हलवते.

मला विचारशील तर मुळासकट उपट. छाटायचीच असेल तर एकूण एक फांदी त्याच दिवशी जाळ. घरात एकही येता कामा नये. बाबा रडले तरी नाही. चिमणीला माझा पापा.

राग मनात धरू नकोस, सांगितलेलं मात्र धर.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. करवत घेऊन छाटायला गेलो. पहिल्याच फांदीने मनगटापासून कोपरापर्यंत फाडलं, आणि माझं डोकं फिरलं. वीतभर वगैरे राहिलं बाजूला. फांद्या ओरबाडल्या, बुंध्यावर लाथा घातल्या, फुटवे कुऱ्हाडीने फोडले. शर्ट रक्ताने अंगाला चिकटला. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. खिडकीतून बाबा बघत होते आणि रडत होते. मला कीव आली. जाळायच्या ढिगातून एक जुडी काढून दारामागे ठेवली. म्हातारा माणूस, डोळ्यांपुढे असू दे, म्हटलं.

परवा चिमणीच्या हातून कढत दूध बाबांच्या छातीवर सांडलं. ते किंचाळले आणि माझा हात दारामागे गेला. तिच्या पोटऱ्यांवर मारलं. कातडी फाटली. पोर रडली नाही. मी थांबलो. आणि घरी आणल्यापासून ज्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता, ते बाबा स्वच्छ बोलले. म्हणाले, "अजून."

मग मी त्यांच्याकडे वळलो. तोंडावर, मानेवर, त्या मेलेल्या हातावर, जिथे बसेल तिथे मारलं. एक फोक मोडला, दुसरा घेतला. मास्तरीणबाईंनी येऊन माझ्या डोक्यात स्टूल घातलं तेव्हा हात थांबला. बाबांचा एक डोळा सुजून बंद झाला आहे. मास्तरीणबाई तेव्हाच चिमणीला घेऊन निघाल्या. त्या तुझ्याकडे आहेत, हे मला ठाऊक आहे.

ताई, शपथेवर सांगतो, पोरीला मी आयुष्यात पहिल्यांदाच हात लावला. गोजी मुळासकट खणून जाळली. बाबांना वृद्धाश्रमात पोचवलं. आता घरात भीती वाटावी असं काही उरलेलं नाही. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी दोघींना न्यायला येतो. तुझा शब्द मास्तरीणबाई मोडणार नाहीत.

एवढं पोटात घाल.

तुझा,
बारक्या

९ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी मास्तरीणबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की पहिलीच वेळ आहे, बाबाही आता घरात नाहीत, जाऊ आम्ही. मीही विरघळले. तुझ्या वाटचा मार खाल्ला तो काय तुला टाकून द्यायला? चिमणीसाठी फ्रॉक बेतला होता, तो तुम्ही निघायच्या आत पुरा करावा म्हणून मशीनवर बसले.

तेवढ्यात तिच्या हातून काचेचा ग्लास फुटला. मी झाडू आणायला उठले. येऊन बघते तो ती माझी कापड मोजायची लाकडी पट्टी घेऊन उभी. पट्टी तिने माझ्या हातात दिली. मग पाठ केली, फ्रॉक गुडघ्यांच्या वर धरला आणि कपाळ भिंतीला टेकवलं. म्हणाली, "तू मार, आत्या, मी मोजते. रडले तर पुन्हा एकपासून."

हे पोर एका दिवसात शिकत नाही, बारक्या. मला शिकायला वर्षं लागली होती. आणि बाबा मोजायला लावत नव्हते. ते तू नवीन काढलंस.

मास्तरीणबाई जमिनीवर बसल्या आहेत, काचा अजून तशाच पडल्या आहेत. त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. चिमणीला मी मांडीवर घेतलं तर ती आधी माझे हात बघते.

रविवारी येऊ नकोस. कुठल्याच वारी येऊ नकोस. दारात दिसलास तर कापडाची मोठी कात्री तुझ्या पोटात जाईल, आणि मला त्याचं वाईट वाटेल, पण नंतर.

लोभ कमी झालेला नाही, हीच माझी अडचण. तू लांब राहा.

चिमणीची,
आत्या